सनडाउनची पाटी

१

फोटोत डॅशबोर्ड होता आणि डॅशबोर्डवर पाटी नव्हती.

लुंबिनी तेव्हा नोएडातल्या एका सोसायटीच्या तळघरात, जुन्या हॅचबॅकखाली आडवी पडून टॉर्चने गंज शोधत होती. गाडीचा मालक वरून सांगत होता, "मॅडम, सिर्फ लेडीज ने चलाई है, एकदम संभाल के." खालचा गंज पाहता त्या लेडीजनी गाडी यमुनेतून नेली असावी. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. तिने पडल्या पडल्याच तो तोंडासमोर धरला.

प्रसन्न सरांचा मेसेज होता. 'गुडगावच्या हॅलवर्सनची पाटी गायब. आत्ता कव्हर उघडलं तर हे असं दिसलं. मी कशालाही हात लावलेला नाही. काल संध्याकाळी गाडीत शेवटची तू होतीस. आहेस तशी निघ.'

तिने फोटो मोठा केला. साय रंगाचं चामडं, त्यावर हाताच्या तळव्याएवढा गोंदाचा चौकोन आणि चौकोनाच्या मधोमध बोट ओढल्यासारखा लालभडक डाग. कुंकवासारखा.

पाठोपाठ दुसरा मेसेज आला. 'घाबरू नकोस. माफीच्या दोन ओळी लिहून दिल्यास की मी निस्तरतो.'

लुंबिनी गाडीखालून बाहेर आली आणि तिने कपडे झटकले. तिने काही घेतलं नव्हतं. जे घेतलंच नाही त्याची माफी कशी लिहायची, ते रसायनशास्त्राच्या एमएस्सीच्या कुठल्याच पेपरात आलं नव्हतं.

२

मेट्रो बदलून गुडगावला पोचेपर्यंत तिने आदला दिवस तीनदा उलगडून पाहिला.

हॅलवर्सन ही आता बंद पडलेली अमेरिकन कंपनी. तिची 'प्रेअरी' ही उघड्या छताची गाडी बऱ्यापैकी खपली. कंपनीने शेवटच्या वर्षी त्यातल्या मोजक्याच गाड्या 'सनडाउन' नावाने काढल्या आणि तेव्हापासून शौकीन लोक त्यांच्या मागे वेडे आहेत. गंमत अशी की सनडाउन आणि साधी प्रेअरी यांच्यात इंजिनाचा फरक नाही, छताचा नाही, चेसिसच्या नंबरातही नाही. मावळतीचा नारिंगी रंग आणि साय रंगाचं चामडं साध्या गाडीलाही मागवता येत असे. फरक एकच होता, डॅशबोर्डच्या मधोमध चिकटवलेली नंबराची पितळी पाटी. कंपनीबरोबर तिचं दप्तरही बुडालं, त्यामुळे गाडीची सगळी प्रतिष्ठा आता त्या एका पाटीवर लटकत होती.

ही गाडी दिल्लीत आली ती एका दूतावासातल्या अधिकाऱ्याबरोबर, म्हणूनच तिचं चाक डावीकडे. तो मायदेशी परतताना विश्वनाथ चौबळांनी ती रीतसर विकत घेतली. हिवाळ्यातल्या रविवारी छत उघडून, डोक्याला माकडटोपी घालून ते ती फरिदाबाद रस्त्यावर फिरवत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आता त्यांच्या पत्नी अलकनंदाकाकू गाडी विकायला निघाल्या होत्या. सगळा व्यवहार त्यांचा पुतण्या राघव बघत होता. तो पुण्याचा, आयटीत मोठ्या हुद्द्यावर, आणि दसऱ्यानंतर मुद्दाम याच कामासाठी दिल्लीला आलेला. घेणारे होते पानिपतचे सतबीर मलिक, त्यांचा ब्लँकेटचा व्यापार. जुन्या गाड्या पारखून त्यांना दाखला देणारी फर्म प्रसन्न सरांची, आणि लुंबिनी त्या फर्मची सगळ्यात चिकित्सक नोकर. सर ते कौतुकाने सांगत. "आमची लुंबिनी हो म्हणाली की ब्रह्मदेवही नाही म्हणणार नाही."

काल तिने नेहमीप्रमाणे व्हिडिओ काढत गाडी नखशिखान्त तपासली. इंजिन सुरेख होतं, रंग मूळचा होता, छताची घडी मुकाट पडत होती. मात्र पाटीच्या कडेला तिचं नख लागलं तेव्हा खालचा गोंद दबला. इतकी वर्षं दिल्लीचे उन्हाळे सोसलेला गोंद काचेसारखा कडक व्हायला हवा होता. हा अजून मऊ होता.

ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "गाडी उत्तम आहे. पण उद्या मी ही पाटी उचलून खालचा गोंद पाहीन. तोवर 'अस्सल सनडाउन' असं मी लिहिणार नाही."

राघवने कपाळाला आठ्या घातल्या. प्रसन्न सर हसले. सतबीरजी म्हणाले, "देख लो बेटा, आराम से देखो." मग लुंबिनीने स्वतः गाडीवर कव्हर चढवलं आणि किल्ली स्वयंपाकघराच्या खुंटीला लावून ती निघाली.

ती उचलणार होती ती पाटी, तिच्याआधीच कुणीतरी उचलली होती.

३

चौबळांच्या दिवाणखान्यात शिरताच राघवने तिच्या खांद्यावरच्या बॅगकडे बोट केलं. "जरा दाखवता?"

तो प्रश्न नव्हता. तिने प्रसन्न सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेरच्या करड्या धुरक्याकडे बघत होते. राघवने बॅग काचेच्या टेबलावर उलटी केली. रंगाची जाडी मोजायचं यंत्र, निळसर किरणांचा टॉर्च, काच पुसायचा स्प्रे, दोन फडकी, डबा, अर्धं सफरचंद, कंगवा. पाटी नव्हती. अलकनंदाकाकू सोफ्यावर मान खाली घालून बसल्या होत्या. कंगव्याकडे पाहून त्यांनाच लाजल्यासारखं झालं.

"रिपोर्टवर नुसतं 'लुंबिनी बी.' असतं," राघव म्हणाला. "आडनाव काय तुमचं?"

"गजभिये."

"अच्छा."

हा अच्छा तिच्या ओळखीचा होता. घर भाड्याने बघताना ऐकलेला, कॉलेजात पहिल्या दिवशी ऐकलेला. बोलणारा काहीच बोललेला नसतो, पण दार लागलेलं ऐकू येतं. रिपोर्टवर पूर्ण नाव नको, हेही प्रसन्न सरांनीच सुचवलं होतं. 'बी. छान दिसतं, मॉडर्न वाटतं.' नवीन नोकरीत तिने ते चालवून घेतलं होतं.

तिने सामान एकेक करून बॅगेत भरलं. सफरचंद शेवटी. मग म्हणाली, "आता मी विचारते. सकाळी काय काय झालं?"

"तुम्ही विचारणार?" राघव म्हणाला.

"माझी बॅग तुम्ही पाहिलीत. आता माझी पाळी."

काकूंनी मान वर केली. राघवने खांदे उडवले. "सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर होतो. प्रसन्न आले, काकूकडून किल्ली घेऊन गॅरेजमध्ये गेले. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. मी गेलो तर पाटी नाही. त्यांनी फोटो आधीच काढला होता. लगेच मी गॅरेजला कुलूप लावलं, किल्ली तेव्हापासून माझ्या खिशात. कुणी आत गेलेलं नाही."

"रात्री किल्ली खुंटीलाच होती?"

"हो. घरात मी आणि काकू. सतबीरजी पाहुण्यांच्या खोलीत. त्यांना रात्रीचा हायवे नको होता."

सतबीरजी अंगणात ऊन नसलेल्या उन्हात खुर्ची टाकून बसले होते. लुंबिनी समोर आली तसे हसले. "पूछो बेटा. पानिपत का आदमी है, शक तो बनता है. वैसे आप मराठी लोग पानिपत का नाम सुनकर इतने चुप क्यों हो जाते हो? हमने तो कब का भुला दिया."

"जिंकलेल्या बाजूला विसरणं सोपं असतं," ती मराठीत पुटपुटली, मग हिंदीत म्हणाली, "सतबीरजी, प्लेट गायब हो, तो गाड़ी सस्ती मिलेगी. फायदा आपका."

"मैंने भी यही सोचा था," ते मोकळेपणाने म्हणाले. "सुबह बोला भी, कि भाई, अब दाम कम करो. प्रसन्नजी बोले, क्यों? कल के वीडियो में प्लेट है, हमारी लड़की रिपोर्ट में लिख देगी कि असली थी, चोरी हो गई. गाड़ी तो वही रही. मेरी बोलती बंद."

लुंबिनी तिथेच थबकली. पाटी जागेवर असती तर आज तिची परीक्षा झाली असती. आता परीक्षा नाही, नुसती हळहळ. चोरीला गेलेल्या वस्तूला खोटी कोण म्हणतं?

गॅरेजमध्ये राघव दाराशी पहारा देत उभा राहिला. तिने टॉर्च पाजळून डॅशबोर्डवर धरला. गोंदाचा चौकोन होता तसाच होता. मधला डाग मात्र निळसर उजेडात काजव्यासारखा हिरवट-पिवळा चमकला. तिने टॉर्च बंद करून साधा दिवा लावला. डाग पिवळा होता, चक्क पिवळाधमक.

तिने फोनमधला फोटो शेजारी धरला. फोटोत डाग लाल. कॅमेऱ्याने रंग खाल्ला म्हणावं, तर चामडं दोन्हीकडे सारखंच साय रंगाचं होतं.

"सकाळपासून इथे खरंच कुणी आलं नाही?"

"सांगितलं ना, किल्ली माझ्याकडे आहे."

बाहेर प्रसन्न सर तिची वाट पाहत होते. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, लुंबिनी. दोन ओळी. 'तपासणीच्या वेळी पाटी माझ्या हातून गहाळ झाली.' गहाळ म्हणजे चोरी नव्हे. आणि रिपोर्टात लिही की पाटी अस्सल होती. व्यवहार होईल, राघव गप्प बसेल, तुझी नोकरी राहील."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर तो पोलिसांत जाईल, आणि मला तुला ठेवता येणार नाही. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. चोरीचा ठपका घेऊन कुठे जाशील, यार? उद्या सकाळपर्यंत विचार कर."

ती निघाली. डोक्यात मात्र ना पोलीस होते ना नोकरी. कुलूपबंद गॅरेजात, कुणाचाही हात न लागता, एका डागाने आपला रंग बदलला होता.

४

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये कुकरची शिट्टी होत होती. बबन गजभिये सेक्शन ऑफिसर. निवृत्ती जवळ आलेली, क्वार्टर सोडायची चिंता रोज चहाबरोबर प्यायली जाणारी. लेकीने सगळं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. बोलल्या त्या कमलाबाई.

"दोनच ओळी आहेत ना? देऊन टाक लिहून. वर्षभरात कुणाच्या लक्षात राहत नाही."

"माझ्या राहील, आई."

"तुझ्या बापाचंही असंच. ऑफिसात एका कागदावर सही केली नाही, तर प्रमोशन चार वर्षं लांबलं."

"पाच," बबनराव म्हणाले. "आणि तो कागद खोटाच होता." मग लेकीकडे वळून, "तुला काय वाटतं ते राहू दे. तू पाहिलंस काय, ते सांग."

"सकाळी लाल. दुपारी पिवळा. मध्ये कुणी शिवलं नाही."

कमलाबाईंच्या हातून फोडणीच्या गडबडीत हळदीचा डबा कलंडला. पांढऱ्या ओट्यावर पिवळी धूळ पसरली. पुटपुटत त्यांनी भांड्यांच्या साबणाचा स्पंज त्यावरून फिरवला, आणि स्पंजाच्या मागे लाल पट्टा उमटला.

लुंबिनी उठली. हे तिने हजारदा पाहिलं होतं. वरणाचा डाग पडलेली ओढणी साबणात घातली की लाल होते, कोणत्या घरात होत नाही? हळद म्हणजे रंग बदलणारा दर्शकच. साबणासारखं अल्कधर्मी काही लागलं की लाल. आणि निळसर टॉर्चखाली हळद चमकते, बाजारातलं रंगीत कुंकू तसं चमकत नाही. दुपारीच सुचायला हवं होतं.

"आई, पुसू नकोस."

"ओटा घाण झालाय."

"होऊ दे. साबणाने लाल झाली. आता ही आपोआप पिवळी होते का बघायचं."

त्या दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. साबणाचा पट्टा लालच राहिला. म्हणजे साबण नव्हता. असं काहीतरी हवं होतं जे आधी लाल करील आणि मग स्वतःच उडून जाईल. लुंबिनीने बॅग ओढली. काच पुसायचा निळा स्प्रे, फर्मच्या प्रत्येक किटमध्ये असतो तो. त्यात अमोनिया असतो. वास नाकात शिरतो तोच. तिने कागदी रुमालावर हळद चोळली आणि फवारा मारला. रुमाल लालभडक झाला. तिने तो पंख्याखाली धरला. लाली विरत गेली, वाफ हवेत उडाली आणि भाजी परतून व्हायच्या आत रुमाल पुन्हा पिवळा झाला.

"जादू झाली की," कमलाबाई म्हणाल्या.

"जादू नाही," बबनराव वाकून बघत म्हणाले. "पण हे तुझ्याच अंगावर येईल, बेटा. हा स्प्रे तुझ्याच बॅगेत आहे."

ते खरं होतं. तिच्याच हातातला पुरावा तिच्याकडे बोट दाखवत होता. तिने दुसरा रुमाल लाल केला, डब्यात घातला आणि झाकण घट्ट लावलं. सकाळी त्याचाही रंग पाहायचा होता.

जेवताना तिने घास हातातच थांबवला. "बाबा, तुम्ही स्कूटरची पूजा कधी केलीत?"

"दसऱ्याला?" ते हसले. "दसऱ्याला आपण पांढरे कपडे घालून वंदनेला जातो. स्कूटरला हळद लावायला वेळ कुणाला?"

"म्हणूनच मला तो डाग दिसला," ती हळूच म्हणाली. "त्यांना नाही दिसला."

"काय दिसलं नाही?"

"हळद पाटीखाली होती, बाबा. पाटी कारखान्यात चिकटवलेली म्हणतात. अमेरिकेतल्या कारखान्यात, पाटी लावायच्या आधी डॅशबोर्डला हळद कुणी वाहिली?"

५

दुसऱ्या दिवशी सकाळी चौबळांच्या दिवाणखान्यात तेच चार चेहरे होते. टेबलावर प्रसन्न सरांनी कोरा कागद आणि पेन मांडून ठेवलं होतं.

"लिहून आणलंस की इथेच लिहितेस?"

"इथेच लिहीन. आधी काकूंना एक विचारायचं आहे." ती अलकनंदाकाकूंसमोर बसली. "काकू, तुम्ही दसऱ्याला गाडीची पूजा करता?"

काकू चमकल्या. गेल्या दोन दिवसांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. "करते ना. हे होते तेव्हापासून. बॉनेटवर स्वस्तिक, चाकांना कुंकू, स्टिअरिंगला फूल. आणि आत मधोमध हळदीचं एक बोट. हे म्हणायचे, गाडीचं कपाळ तिथे आहे."

"यंदाही?"

"यंदाही. डाग पडला म्हणून मीच चुकचुकले. चामडं पिऊन बसलं हळद."

"ते बोट पाटीवर लावलंत?"

"पाटीवर कशी लावीन? तिथे काही नव्हतंच. मोकळी जागा होती."

राघव पुढे झाला. "काकू, नीट आठव. काकांनी गाडी घेतली तेव्हापासून पाटी आहे."

"मला कुणी विचारलंय का, राघव? तू म्हणालास सनडाउन आहे, म्हटलं असेल. तुम्हा लोकांना कळतं." त्या थांबल्या. "मी दसऱ्यानंतर गॅरेजमध्ये गेलेच नाही. कव्हर काढलं की ह्यांचा वास येतो."

"दसऱ्यानंतर गाडी कुठे गेली होती?" लुंबिनीने राघवला विचारलं.

तो उत्तर द्यायला वळला आणि मध्येच अडखळला. "पॉलिशला. प्रसन्नच्या वर्कशॉपमध्ये. मी पुण्याहून आलो तो थेट तिथेच." मग हळू आवाजात, "पाटी मी पहिल्यांदा पाहिली ती तिथे."

प्रसन्न सर हसले. "वा. दसरा, हळद, कपाळ. काकूंचं वय झालंय. आणि डाग लाल आहे, लुंबिनी. कुंकू आहे ते. सगळ्यांनी फोटो पाहिलाय. पाटीची पूजा करताना कुंकू आत ओघळलं असेल, त्यात काय मोठं?"

"काल दुपारी तो पिवळा होता. राघवसर दाराशी होते."

"होता पिवळा," राघव म्हणाला. "मला वाटलं दिव्यामुळे."

लुंबिनीने काकूंकडून स्वयंपाकघरातली चिमूटभर हळद मागून घेतली, पांढऱ्या रुमालावर चोळली आणि बॅगेतून निळा स्प्रे काढला. फुस्स. रुमाल रक्तासारखा झाला. सतबीरजी खुर्चीतून पुढे वाकले. तिने रुमाल हवेत धरला, पंख्याखाली. लाल विटकरी झाला, विटकरीचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा.

"अरे वाह," सतबीरजी म्हणाले.

"पाटी काढल्यावर खालचा हळदीचा डाग उघडा पडला. ज्याने काढली तो घाबरला आणि त्याने हातातल्या स्प्रेने डाग पुसायला घेतला. डाग गेला नाही, उलट लाल झाला. लाल झाल्यावर त्याला हायसं वाटलं. कुंकू तर काय, प्रत्येक गाडीत असतं. त्याने फोटो काढला आणि पाठवला."

"स्प्रे तुझ्याही किटमध्ये आहे," प्रसन्न सर म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"आहे. म्हणूनच हे मी माझ्या तोंडाने सांगतेय. ही लाली काही मिनिटं टिकते. फोटोत डाग लाल आहे, म्हणजे फोटोच्या जरा आधीच कुणीतरी तो पुसला होता. तेव्हा मी नोएडात एका गाडीखाली होते, मालकाला विचारा. राघवसर कॉलवर होते. आणि गॅरेजमध्ये फक्त तुम्ही होतात. तुम्हीच लिहिलंत, 'आत्ता कव्हर उघडलं'."

"कव्हरखाली हवा नसते. तू आदल्या संध्याकाळी पुसलं असशील, रात्रभर लाल राहिलं असेल."

"मलाही ती शंका आली." तिने डबा टेबलावर ठेवून झाकण उघडलं. आतला रुमाल पिवळा होता. "रात्री लाल करून घट्ट बंद केला होता. माझी आई साक्षीला आहे, ती मला डबा वाया घालवल्याबद्दल रागावली."

 बाहेर रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा वाजत राहिला.

राघवने दोन्ही हात खिशात घातले आणि परत काढले. "म्हणजे पाटी खोटी."

"पाटी कदाचित खरी असेल, एखाद्या भंगारात गेलेल्या सनडाउनची. ही गाडी सनडाउन नाही. भाव वाढवायला पाटी हवी होती, आणि तिच्याखाली डागही आपोआप झाकला गेला. मी नुसती सही केली असती तर काम भागलं असतं. मी पाटी उचलते म्हणाले, तेव्हा ती हलवावी लागली. हलवली तरी फायदाच, कारण चोरीला गेलेल्या पाटीचा गोंद कोण तपासणार? चोर हवा होता, तो घरचाच होता. फर्मची नोकर, रिपोर्टवर जिचं आडनावसुद्धा नाही."

प्रसन्न सरांनी आपली किटची बॅग उचलली. "मला हे ऐकायची गरज नाही. लुंबिनी, तुझा हिशेब ऑफिसातून घेऊन जा."

"बसा," अलकनंदाकाकू म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण प्रसन्न सर थांबले. "काल त्या मुलीची बॅग याच टेबलावर ओतलीत. तिचा कंगवा पाहिलात, तिचं उष्टं सफरचंद पाहिलंत. मी गप्प बसले, ते माझं चुकलं. आता तुमची बॅग उघडा."

"मी बांधील नाही, काकू."

"तीही नव्हती."

सतबीरजी सावकाश उठून दाराशी जाऊन उभे राहिले. "दिखा दो, भाई साहब. लड़की ने भी दिखाया था."

बॅग राघवनेच घेतली. त्याच टेबलावर, त्याच हाताने उलटी केली. यंत्र, टॉर्च, निळा स्प्रे, आणि पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला पितळेचा तुकडा. अशी दुर्मिळ पाटी एका गाडीसाठी वापरून फेकून देणाऱ्यांतला तो माणूस नव्हता. राघवने ती उलटी केली. मागच्या गोंदात हळदीचं एक बोट उमटलं होतं, काकूंचं.

काकूंनी ते बघितलं आणि पदराने डोळे टिपले. पाटीसाठी नाही, ते सगळ्यांना कळलं.

"या शहरात तुला कोणी उभं करणार नाही," प्रसन्न दारातून म्हणाला. "मी बघतो."

"बघा," लुंबिनी म्हणाली. "मी पण इथेच आहे. सरोजिनी नगरला."

तो गेल्यावर सतबीरजी परत खुर्चीत बसले. "बेटा, तो फिर गाड़ी क्या है?"

लुंबिनीने टेबलावरचा कोरा कागद ओढला, माफीसाठी मांडलेला. वर छापलेलं फर्मचं नाव तिने एका सरळ रेषेने खोडलं आणि लिहायला घेतलं. हॅलवर्सन प्रेअरी, साधी आवृत्ती. रंग मूळचा. इंजिन उत्तम. छताची यंत्रणा निर्दोष. डॅशबोर्डच्या मध्यभागी हळदीचा डाग, कायमचा.

"साधी म्हणजे भाव उतरणार," राघव म्हणाला. तो तिच्याकडे न बघता बोलत होता. मग बघितलं. "सॉरी. कालच्याबद्दल. सगळ्याचबद्दल, मिस… लुंबिनी."

"गजभिये," ती म्हणाली, आणि खाली सही केली.

काकूंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला. गाडीचं वर्णन त्यांनी ओलांडलं आणि शेवटच्या ओळीवर येऊन मोठ्याने वाचलं, "लुंबिनी बबन गजभिये." मग राघवकडे हात पुढे केला. "किल्ली दे. सतबीरजींना गाडी दाखवायची तर छत उघडून दाखवू. आणि तो डाग कुणी पुसायचा नाही."